खाण तशी माती, माती तसे रोप

मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाने थोडे आत गेले, की डोंगर लागतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ती पूर्वेकडची कड. त्याच स्टेशनच्या पूर्वेला द्रुतगती मार्ग ओलांडला, की मिठागरे दिसू लागतात आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याच्या खाडीकाठची तिवरांची हिरवी भिंत. डोंगर आणि खाडी यांच्यात अंतर ते किती? सकाळी फिरायला निघालेला माणूस दूध घेऊन परतेपर्यंत दोन्हीकडे डोकावून येईल एवढेच. पण झाडांच्या लेखी ही दोन निरनिराळी राज्ये आहेत. दोघांचे कायदे वेगळे, आणि कायदा मोडणाऱ्याला शिक्षा एकच: मरण.

डोंगरावरच्या रोपांना आठ महिने कोरडे काढावे लागतात. तिथल्या टेरड्याचे, रानगवताचे बी पावसाळा सरता सरता मातीत पडते आणि पुढच्या जूनपर्यंत निमूट पडून राहते. एप्रिल-मे महिन्यांत एखादी वळवाची सर आली, मातीचा वास सुटला, माणसे खिडकीशी धावली, तरी हे बी सहसा फसत नाही. फसले आणि कोंब काढला, तर पुढच्या आठवड्याच्या उन्हात त्याची राख व्हायची.

खाडीत नेमके उलटे. तिथल्या कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. फांदीला शेंगांसारखे जे हिरवे दांडके लोंबताना दिसतात, त्या शेंगा नव्हेत. ती रोपेच आहेत, आईच्या अंगाखांद्यावर वाढणारी. पुरेशी वाढ झाली, की रोप सुटून चिखलात पडते, नाहीतर भरतीबरोबर तरंगत जाऊन दुसऱ्या काठाला लागते. मुंबईच्या खाड्यांमध्ये सर्वांत जास्त दिसते ते तिवर. त्याचे फळही वरून साधे दिसते, पण आत गर्भ आधीच रुजलेला असतो. पाण्यात पडले, की वरची साल सुटते आणि रोप कामाला लागते. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या जागी बी पडून वाट पाहत बसले, तर मूळ धरण्याआधीच वाहून जायचे.

एक बी थांबते, दुसरे थांबत नाही. हे थांबणे आणि न थांबणे ठरवते कोण?

रोपाच्या अंगातले निरोपे

आपल्या घरात इन्सुलिन आणि थायरॉइड हे शब्द आता कांदे-बटाट्यांइतके ओळखीचे झाले आहेत. ही आपली संप्रेरके. रक्तातून फिरायचे आणि दूरच्या अवयवाला निरोप द्यायचा हे त्यांचे काम. झाडाला ना रक्त, ना ग्रंथी. पण त्याच्याही अंगात असे निरोपे फिरत असतात आणि त्यांचे प्रमाण इतके अल्प असते, की ते शोधून काढायला शास्त्रज्ञांची अनेक वर्षे खर्ची पडली.

त्यातल्या काहींची ओळख प्रत्येक गृहिणीला आहे, फक्त नावानिशी नाही. कुंडीतल्या तुळशीचा शेंडा खुडला, की बाजूने फांद्या फुटतात. याचे कारण असे, की शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवत असते. शेंडा गेला, की दडपण गेले. आंब्याची आढी लावली, की एका पिकत्या फळामुळे शेजारची फळे पिकतात. ही किमया इथिलीन या वायूची. उसाची कांडी, भाताचा दांडा लांबवते ते जिबरेलिन. पेशींची संख्या वाढवते ते सायटोकायनिन. आणि संकटात 'थांबा' म्हणणारे ते ॲब्सिसिक आम्ल. पाणी कमी पडले, की पानांची सूक्ष्म छिद्रे मिटवणारे आणि बियांना झोपवून ठेवणारे संप्रेरक ते हेच.

जिबरेलिनच्या शोधाची हकीकत मोठी गमतीची आहे. जपानी शेतकऱ्यांच्या भातात कधी कधी काही रोपे भराभर उंच व्हायची, फिकट पडायची आणि दाणा न धरताच आडवी व्हायची. शेतकरी त्यांना 'मूर्ख रोपे' म्हणत. तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवले, की हा एका बुरशीचा खेळ आहे. बुरशी जो रस सोडते, त्यानेच रोप असे बेफाम वाढते. पुढे कळले, की हा रस रोपे स्वतःही तयार करतात, फक्त बेताने. बुरशीने चोरून वापरले ते रोपाचेच हत्यार होते.

आता डोंगर आणि खाडीकडे परत वळू. डोंगरावरच्या बियांना झोपवून ठेवते ते ॲब्सिसिक आम्ल, आणि पावसाची खात्री पटली, की त्यांना जागे करते ते जिबरेलिन. या दोघांच्या रस्सीखेचीवर बियांची झोप अवलंबून असते. मग कांदळाच्या बियांत काय होते? एलिझाबेथ फार्न्सवर्थ आणि जिल फॅरंट या दोघींनी १९९८ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. झाडावरच रुजणाऱ्या निरनिराळ्या कुळांतल्या खारफुटींचे गर्भ त्यांनी तपासले आणि झाडावर न रुजणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांशी त्यांची तुलना केली. झाडावर रुजणाऱ्यांच्या गर्भात ॲब्सिसिक आम्ल कमी होते. आईच्या पानांना खाऱ्या पाण्याशी झुंजताना हे आम्ल हवेच असते. पण गर्भाच्या वाट्याला ते कमी येते. आणि विशेष असे, की ही युक्ती निरनिराळ्या कुळांनी एकमेकांकडून घेतलेली नाही. खाऱ्या चिखलाने ती प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करवून घेतली.

पुरात उभ्या दोन भावांची गोष्ट

निरनिराळ्या जातींत फरक असावा, यात फार नवल नाही. खरे नवल आहे ते एकाच जातीच्या पोटात दडलेल्या फरकांचे. आणि त्यासाठी आपल्या ताटातल्या भाताइतके चांगले उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

भाताला पाणी आवडते, पण नाकातोंडात पाणी गेलेले भातालाही सोसत नाही. रोप पूर्ण बुडाले, तर साधारण आठवडाभरात बहुतेक वाण दगावतात. मात्र ओडिशातल्या एका देशी भातातून निवडलेला 'एफआर १३ ए' नावाचा वाण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही, पाणी ओसरल्यावर पुन्हा पोपटी पालवी काढतो. दुसरीकडे बंगालच्या सखल भागात आणि बांगलादेशात असे भात आहेत, की पाणी चढेल तसे तेही चढतात. अगदी भरात असताना दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत! शेतात काही मीटर पाणी, आणि त्यावर भाताचा शेंडा डोलतो आहे.

पाण्याखाली गेलेल्या रोपात इथिलीन साठते, कारण वायूला बाहेर पडायला वाट नसते. धोक्याची ही घंटा दोन्ही भावांच्या घरी सारखीच वाजते. पण थोरला ती ऐकून म्हणतो, 'हलू नका, साखर जपून वापरा, पाणी जाईपर्यंत दम धरा.' धाकटा म्हणतो, 'उठा, पळा, वर चढा.' थोरल्याच्या घरी इथिलीनमुळे जिबरेलिनचा जोर दाबला जातो. धाकट्याच्या घरी तोच जोर वाढतो. थोरल्याचे जनुक २००६ साली सापडले, त्याला 'सब १ ए' म्हणतात. धाकट्याची दोन जनुके जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली शोधली आणि पाणबुड्याच्या श्वासनळीवरून त्यांना 'स्नॉर्केल' असे नाव दिले.

यातला शहाणा कोण? प्रश्नच चुकीचा आहे. पूर आठ-दहा दिवसांत ओसरणारा असेल, तर उंच वाढलेले रोप पाणी जाताच चिखलात आडवे पडते; तिथे दम धरणारा जिंकतो. पाणी महिनोन् महिने राहणारे असेल, तर दम धरणारा तळाशी कुजतो. तिथे चढणारा जिंकतो. दोन्ही भाऊ आपापल्या गावी शहाणे, आणि परगावी मूर्ख.

आता या गोष्टीतले तिसरे पात्र. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर ८' हा बुटका भात दिला आणि आशियाची कोठारे भरली. खत घातले, की उंच देशी भात माजून लोळायचे; हा लोळत नव्हता. बुटकेपणा आला होता तैवानमधल्या एका जुन्या वाणाकडून. त्याचे इंगित २००२ साली उलगडले: जिबरेलिन तयार करणाऱ्या एका जनुकाचा तुकडा त्यात गळालेला होता. आणि २०१८ साली नागोयाच्याच मंडळींनी दाखवले, की पाण्याबरोबर चढणाऱ्या बंगाली भाताला उंची देण्यात याच जनुकाच्या दुसऱ्या एका रूपाचा मोठा वाटा आहे. म्हणजे एकच जनुक. एका ठिकाणी ते मोडले, म्हणून हरितक्रांती झाली. दुसऱ्या ठिकाणी ते जोरात चालले, म्हणून पुरातला शेतकरी जगला.

खरी कसोटी एका वाफ्यात

इथे एक शंका चौकस वाचकाच्या मनात आली असेल. खाडीच्या तोंडाशी तिवर उंच असते आणि मिठागराच्या कडेला तेच खुरटलेले दिसते. मग खुरटे तिवर जन्माने खुरटे की मिठाने खुरटलेले? नुसते पाहून हे सांगता येत नाही. गरिबाघरचे मूल किडकिडीत दिसले, म्हणजे त्याचा वंशच किडकिडीत असे थोडेच असते?

यावरची कसोटी साधी आहे. दोन्हीकडचे बी आणायचे आणि एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढवायचे. फरक पुसला गेला, तर तो मातीचा होता. टिकला, तर तो रक्तातला. स्वीडनच्या ट्युरेसन यांनी १९२२ च्या सुमारास अशाच प्रयोगांतून दाखवले, की एकाच जातीच्या वनस्पतीचे समुद्रकाठचे आणि आतल्या भागातले वंश वेगळे असतात. पुढे कॅलिफोर्नियात समुद्रसपाटीपासून उंच डोंगरापर्यंतच्या बागांत रोपांची अदलाबदल करून हेच पुन्हा पडताळले गेले. अलीकडे मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या इवल्या तणावर हे काम फार बारकाईने झाले आहे. या तणाचे देशोदेशींचे सुमारे तीनशे वंश सारख्याच कोरड्यात ठेवले, तरी प्रत्येकाच्या अंगात ॲब्सिसिक आम्ल सारखे वाढत नाही. कोणी थोड्या तहानेने घाबरते, कोणी उशिरा.

मग ज्याचे संप्रेरक जास्त, तोच भारी का नाही? कारण प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. याच तणाच्या काही वंशांत रोगाशी लढणारे सॅलिसिलिक आम्ल एका जनुकामुळे सदैव चढे असते. २०१० साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले, की असे वंश बुरशी-जिवाणूंना दाद देत नाहीत, पण त्यांची पाने लहान राहतात. रात्रंदिवस पहारा ठेवणाऱ्या घरात स्वयंपाकाला माणूस उरत नाही, तसे हे. रोगट जागी पहारा परवडतो, निरोगी जागी तोच भार होतो. म्हणून निसर्गात दोन्ही वंश टिकून राहतात.

अर्थात सगळेच श्रेय संप्रेरकांना देऊन चालणार नाही. बंगालमधल्या 'नोना बोक्रा' या मीठ सोसणाऱ्या भाताचे एक जनुक २००५ साली सापडले. ते संप्रेरकाचे नव्हे, तर पानांकडे जाणारे मीठ वाटेतच अडवणाऱ्या दाराचे निघाले. स्थानिक वाण म्हणजे अशा अनेक लहानमोठ्या तडजोडींची मोट असते. ती बांधायला शेकडो पावसाळे लागलेले असतात.

कोकणचा शेतकरी हे जाणतो

हे सारे प्रयोगशाळेतले झाले. पण आपल्याकडचा शेतकरी यातले मर्म शब्दांवाचून जाणत आला आहे. हापूसच्या बागायतदाराचेच पाहा. झाड नुसतेच पालवत राहिले, तर मोहोर येत नाही. म्हणून बुंध्याशी 'कल्टार' घालायची पद्धत कोकणात रुजली आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिचे शास्त्र बसवले. हे औषध झाडाच्या अंगात जिबरेलिन तयार होण्यातच अडथळा आणते. पालवीची घाई थांबते आणि मोहोराला वाट मिळते. एखाद्या झाडाच्या रसांत माणसाने केलेला हा ढवळाढवळीचा प्रकार. बियाण्यात मात्र हीच गोष्ट आयती, फुकट आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारी मिळते.

बियांच्या झोपेचेही तसेच. कापणीला आलेल्या भातावर परतीचा पाऊस कोसळला, की लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' चक्रीवादळाच्या सुमारास कोकणातल्या शेतकऱ्यांनी हे डोळ्यांदेखत पाहिले. पेरताच उगवणारे बी सगळ्यांना हवे असते. पण झोप अगदीच उडालेले बी असे ऐन वेळी घात करते. कुठल्या भाताची झोप किती गाढ, याला त्याच्या जनुकांची घडण बरीचशी कारण असते, आणि ज्या गावात परतीचा पाऊस नेहमीचा, तिथे थोडे झोपाळू बीच शहाणे.

खाऱ्या जमिनीसाठी तर कोकणाने स्वतंत्र भातच राखले. रायगडच्या खारेपाटात बांध घालून समुद्राशी भांडत पिकवलेला 'राता' हा लाल तांदूळ. त्यातूनच निवडलेले 'काळा राता' आणि 'भुरा राता' हे वाण पुढे देशभरच्या मीठसोशिक भातांच्या यादीत गेले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' या नावाने याच जमिनींसाठी सुधारित वाणही दिले.

आणि आपली उपनगरे? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे लोकलच्या उद्घोषणेत ऐकताना आपल्याला आठवत नाही, की साष्टी बेटावरची ही सारी भातशेतीची गावे होती. डोंगराच्या पायथ्याची गोडी जमीन, खाडीकडची खारी जमीन. प्रत्येकीचा पाऊस तोच, पण पाणी वेगळे. गावठाणे अजून नावापुरती उभी आहेत, शेते इमारतींच्या पोटात गेली, आणि शेतांबरोबर त्यांचे बियाणेही गेले. आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात थोडीफार शेती दिसते, तेवढीच खूण. इमारत पाडून पुन्हा शेत करता येईल, असे क्षणभर समजू; पण गेलेले बियाणे कुठून आणणार?

हा हळवेपणा नव्हे, हिशेब आहे. ओडिशाचा तो दम धरणारा भात उत्पन्नाला कमी आणि दाण्याला जाडाभरडा होता. बाजाराच्या दृष्टीने टाकाऊच. पण कोणीतरी तो जपून ठेवला, म्हणून त्याचे जनुक आंध्रातल्या लोकप्रिय 'स्वर्णा' भातात आणता आले आणि २००९ साली 'स्वर्णा-सब १' शेतकऱ्यांच्या हाती पडला. आज पूर्व भारतातल्या लाखो शेतकऱ्यांच्या पुरातल्या पिकाला त्याचा आधार आहे. साष्टीच्या कुठल्या भातात काय दडलेले होते, हे विचारायची सोय मात्र आपण ठेवली नाही.

ज्या शहराने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, त्याने तरी हा प्रश्न परका मानू नये. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली. २०१२ साली राज्याने खारफुटीसाठी वेगळा कक्ष उभारला, २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला. दुसरीकडे मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग इथल्या मिठागरांच्या सुमारे २५६ एकर जमिनीवर घरे बांधण्याचा मार्ग २०२४ साली मोकळा झाला. घरे माणसांना हवीतच, त्यावर वाद नाही. पण खाडीकाठाची किंमत ठरवताना चौरस फुटाच्या भावाबरोबर तिथल्या रोपांनी शिकलेली विद्याही मोजायला हवी. कारण ती कुठल्याही रोपवाटिकेतून विकत आणता येत नाही.

वृक्षारोपणाच्या उत्साहातही याचे भान हवे. रोप देशी आहे, एवढ्याने भागत नाही. ते कुठल्या मातीतल्या बियांपासून आले, हेही विचारावे. कोरड्या मुलखातल्या बियांचे रोप कोकणातल्या चार महिन्यांच्या चिखलात गोंधळू शकते. वनखात्याच्या भाषेत याला बियांचे मूळस्थान म्हणतात. आजीच्या भाषेत, 'बियाणे शेजारच्या गावचे घ्यावे.'

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणे जपल्याबद्दल. त्यांच्याइतके काम आपल्या हातून होणार नाही. पण बाल्कनीतल्या कुंडीत भेंडी, घेवडा, माठ लावणारे कितीतरी वाचक बोरिवली-मुलुंडच्या इमारतींत आहेत. संकरित नसलेले साधे बी घ्यावे, जे रोप आपल्या चौथ्या मजल्यावरच्या उन्हात आणि जुलैच्या झडीत सर्वांत निरोगी उभे राहील, त्याची एक-दोन फळे न तोडता वाळू द्यावीत, आणि पुढच्या जूनमध्ये तेच बी पेरावे. चार-पाच पावसाळे हे नेमाने केले, तर त्या घराण्यात आपल्या बाल्कनीचा स्वभाव थोडाथोडा उतरू लागेल. त्या बियांची एक पुडी शेजारणीला द्यावी. शेतकरी हजारो वर्षे दुसरे काय करत आला?